किती दिवस तग धराल?

क्लायपेडाच्या बंदरामागे, जिथे धुरी दिलेल्या माशांचा वास
कोटाच्या अस्तरात शिरून आठवडाभर मुक्काम करतो,
तिथे अकरा माणसांचा कारखाना.
मी विमा कंपनीची. बॅगेत चाळीस प्रश्न,
प्रत्येकापुढे दोनच चौकोन: आहे, नाही.

मालक रिमगाउदास हात पुसत आला.
मनगटापर्यंत खवले.
"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? बांगडे?"
हे वाक्य मी दारोदार ऐकते,
बेकरीत, दंतवैद्याकडे, शवपेट्या बनवणाऱ्याकडेसुद्धा.
मी म्हणते, चोर काही नेणारच नाहीत.
तुमच्या दाराला त्यांचं कुलूप लावून
तुमच्याच उंबऱ्यावर बसतील, खंडणी मागत.
बांगडे तुमचेच राहतील.
कुणाला किती, कधी, कुठे पोचवायचे
तेवढं त्यांचं.

मग फिरलो.
पासवर्ड पडद्याच्या कडेला, पिवळ्या चिठ्ठीवर:
कुत्र्याचं नाव आणि त्याच्या जन्माचं साल.
(कुत्रा गेला, म्हणाला. बदलायला हात उचलत नाही.)
"नाही"च्या चौकोनावर पेन टेकवलं
आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं.

भट्टीचं तापमान राखणारा संगणक तेरा वर्षांचा,
त्याची डागडुजी करणारी कंपनी केव्हाच बुडालेली.
त्याच्यावरच रात्रपाळीची पोरं बास्केटबॉल बघतात.

बॅकअप?
"आहे!" तो पहिल्यांदा हसला.
काळी डबी, सर्व्हरच्या कुशीत,
अहोरात्र वायरीने जोडलेली.
म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली
तिजोरीच्याच कड्याला.

कधी उघडून बघितलंय?

उघडू या, म्हटलं. प्रश्नावलीत हे नाही, पण मी करते.
सव्वा तास डबी घरघरली.
बाहेर आली तीन वर्षांपूर्वीची बिलं
आणि कुणाच्यातरी बाप्तिस्म्याचे एकशे बारा फोटो.
पुढे काही नाही.
तीन वर्षं ती नुसती झोपली होती,
दिवा हिरवा म्हणून सगळे निर्धास्त.
रिमगाउदास एकेक फोटो सरकवत राहिला.
"नात माझी. आता बोलते, थांबतच नाही."

प्रश्न एकोणतिसावा:
यंत्रांशिवाय किती दिवस तग धराल?
तो छताकडे बघत बोटं मोडू लागला,
शीतगृह दोन दिवस, ट्रकवाले एक,
रीगाचं गिऱ्हाईक तर अर्धासुद्धा...

कोपऱ्यातली खुर्ची सरकली.
याद्वीगा, हिशेबनीस, निवृत्तीला सात महिने.
अख्ख्या पाहणीत तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.
मीही नाही.
तिने टेबलावर निळी वही ठेवली.
दर शुक्रवारी, हाताने:
कोण गिऱ्हाईक, किती पेट्या, कुणाचं येणं, कुणाचं देणं,
ड्रायव्हरांचे नंबर, आणि ते उचलत नसतील तर
त्यांच्या बायकांचे.
"नव्वद साली मॉस्कोने तेल तोडलं, तेव्हापासून लिहिते.
हसतात मला."
मग वहीवर तळवा ठेवून,
"नऊ दिवस. दहाव्या दिवशी मनगट भरून येईल."

माझ्या कागदावर तिच्यासाठी चौकोन नव्हता.
समासात लिहिलं:
वही एक, बाई एक. दोघींची प्रत नाही.

निघताना रिमगाउदासने डबीची वायर उपटली.
हिरवा दिवा विझला तसे
सगळे दचकून वळले,
जणू आत्ताच काहीतरी बंद पडलं.
ती हातात धरून तो उभा, कुठे ठेवू?
घरी, म्हटलं. पावाच्या डब्यात ठेव. इथे सोडून कुठेही.

कौनासच्या बसमध्ये, मांडीवर कागदात गुंडाळलेले दोन बांगडे,
फोन थरथरला: थकलेलं बिल, तातडीचं,
इथे दाबा.
बोट अर्ध्या वाटेवर गेलं होतं.
बोटाला माशाचा वास होता.